खालचा फोटो

कंपनीची मेल आली तेव्हा मी एका आजोबांच्या फोटोतला वाकडा चष्मा सरळ करत बसले होते. पत्र गोड गोड शब्दांनी भरलेलं, आपला इतक्या वर्षांचा स्नेह वगैरे. मतलब एवढाच की चौदा वर्षं मी ज्या सॉफ्टवेअरवर फोटो सुधारते, ते महिनाअखेरीला बंद. भाडं भरून वापरणाऱ्यांचं त्या दिवसापासून उघडणारच नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी शेवटची आवृत्ती शनिवार संध्याकाळपर्यंत एकदाच विकत घ्यावी. ती कायम चालेल, इंटरनेटशिवायही. बिघडली तर मात्र तिला कुणी वाली नाही.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे हे स्टुडिओच्या पुढच्या भागात फ्रेमा ठोकतात आणि तोंडात चार खिळे असतानाही बोलायचं थांबत नाहीत.

"जे मरायला टेकलंय ते विकत घेणार? दुखणाईत बैल लोक बाजारात विकायला नेतात, घेऊन येत नाहीत."

"आणि माझ्या जुन्या फायली? त्या दुसऱ्या कशात उघडत नाहीत."

"साधे फोटो करून ठेव. सपाट. मिटलं."

यांना सगळं लगेच मिटतं. पण माझी कामाची रीत पहिल्यापासून अशी की मूळ फोटो मी वेगळा ठेवत नाही. गरजच नसते. या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटो सगळ्यात खाली राहतो आणि प्रत्येक दुरुस्ती त्याच्यावर काचेसारखी बसते. त्या काचेला लेअर म्हणतात. प्रत्येक लेअरपाशी एक छोटा डोळा असतो. डोळा मिटला की दुरुस्ती गायब, खालचं जसं होतं तसं समोर. बाजूला तारीख, वेळ आणि दुरुस्ती करणाऱ्याचं नाव. माझं.

घ्यावं की न घ्यावं हे ठरवायला म्हणून बुधवारी दुपारी मी जुन्या फायली चाळायला घेतल्या. म्हटलं, जपण्यासारखं काही आहे का ते तरी बघू. लग्नं, बारकी पोरं, दुकानांच्या पाट्या. अर्ध्याअधिक लोकांचे चेहरेही आठवेनात. मग औषधवाल्यांचा फोल्डर आला.

औषधवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक. आख्ख्या गल्लीचा लाडका माणूस. शटर अर्धं ओढलेलं असलं तरी वाकून गोळी देणार, वर पथ्य सांगणार. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ते आणि वहिनी माझ्याकडे फोटो काढून घ्यायचे, नऊ वर्षं झाली. फोटो काढला की औषधवाले माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "ताई, तिचा डाग तेवढा काढता का? भाजून घेतलंय. फार धांदरट आहे हो." मी काढायची. माझा हात सफाईचा आहे. मी काढलेला डाग कुणाच्या बापाला सापडत नाही असं लोक म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सहज म्हणून एका फोटोतल्या लेअरचे डोळे मिटले. मग दुसऱ्यातले. मग नऊच्या नऊ उघडून पडद्यावर एका ओळीत लावले.

वर्षाला एक फोटो. काम झालं की मी विसरून जायची. ओळीत कधी पाहिलेच नव्हते. पहिल्या वर्षी मनगट. दुसऱ्या वर्षी कोपर. तिसऱ्या वर्षी दंड, त्यावर चार बोटं, मोजता येतील अशी. पुढे खांदा. मग गळ्याजवळचं हाड. गेल्या वर्षी कानाखाली, अंगठ्याएवढं काळंनिळं. दरवर्षी ते वर चढत गेलं होतं. आणि वहिनी प्रत्येक फोटोत सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होत्या.

राग आला, पण पहिला स्वतःचा आला. कसलं भाजणं आणि कसलं काय. दंडावर चार बोटांनी कोण भाजतं?

मग एकेक आठवायला लागलं. दुसऱ्या वर्षी औषधवाला फोन घ्यायला बाहेर गेला होता, तेव्हा वहिनींनी विचारलं होतं, "ताई, तुम्ही पुसता ते कायमचं जातं का?"

"छे हो. मूळ खाली असतं. माझ्याकडे जपून असतं सगळं."

"मग ठीक," त्या म्हणाल्या होत्या. मला वाटलं, बाई आपली काहीतरी बोलायचं म्हणून बोलतेय.

आणखी एकदा मी म्हटलं होतं, चार दिवस माहेरी जाऊन या, तब्येत उतरलीय तुमची. तर म्हणाल्या, "माहेर कुठलं आता, ताई? भाऊ आधीच गेला, मग आई गेली. घरसुद्धा विकलं." तेही त्याच आवाजात, मग ठीक म्हटल्यासारखं.

ती बाई फोटो काढायला येतच नव्हती. दरवर्षी माझ्याकडे ते ठेवायला देऊन जात होती. आणि मी मूर्ख, डाग किती सफाईने निघाला म्हणून खूश.

ह्यांना आत बोलावून दाखवलं. त्यांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. असं ते फक्त कुणी गेल्याची बातमी आली की करतात.

"सपाट करून ठेवले तर?" मी विचारलं. "डागांसकट."

"नुसत्या फोटोला कोण विचारतंय आता? तुझ्यासारख्यांनीच फोटोवरचा विश्वास घालवलाय. खरं ठरवायचं तर हे असंच पाहिजे, तारखांसकट." मग म्हणाले, "पण प्रत्येक पुसण्यापुढे तुझं नाव आहे. नऊ वेळा. उद्या कुणी विचारलं की बाई, इतकी वर्षं काय डोळे मिटून बसला होतात, तर काय सांगशील? हात दाखवून अवलक्षण होईल."

"मग बंद पडू दे म्हणता?"

"मी तसं म्हटलेलं नाही," हे म्हणाले, आणि खिळे परत तोंडात धरून पुढच्या भागात गेले.

दोन दिवस मी ते पान उघडायची आणि बंद करायची. नाही घेतलं, तर महिनाअखेरीला सगळं आपोआप मिटणार होतं. मी काहीही न करता. माझं नाव मिटणार होतं. आणि त्या बाईचं 'मग ठीक' पण.

शुक्रवारी दुपारी औषधवाला आमच्या दुकानात आला. ह्यांनी बाम घेताना त्याच्यापाशी सॉफ्टवेअर बंद पडतंय ते बोलून टाकलं होतं. फोटोंचं नाही, नुसतं सॉफ्टवेअरचं, पण जिभेला हाड नाही ते नाहीच. त्याने खिशातून एक कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. नव्या सॉफ्टवेअरचं, वर्षभराचं भाडं भरून आणलेलं.

"आमच्याकडून भेट, ताई. एवढी वर्षं तुम्ही आमचं केलंत."

"कशाला उगीच."

"जुन्या फायली यात उघडत नाहीत म्हणे."

"नाही उघडत."

"बरंच की. जागा मोकळी होईल." तो हसला. हसतो छान. "झाकली मूठ सव्वा लाखाची, काय? रविवारी येतो आम्ही. दहावं वर्ष."

मी विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"घसा धरलाय तिचा. आवाजच फुटत नाही." आणि जाताना दारात वळून म्हणाला, "ते जुनं नका घेऊ, ताई. नसती उठाठेव."

म्हणजे त्याला माहीत होतं. मूळ खाली असतं हे त्याला कुठून कळलं? वहिनींशिवाय दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकाला मी ते सांगितलं नव्हतं.

शनिवारी मी ते घेतलं. बटण दाबत होते, तेव्हा हे मागे येऊन उभे राहिले. दाब, म्हणाले नाहीत. नको, असंही म्हणाले नाहीत. उभे मात्र राहिले. उतरवून झाल्यावर मी इंटरनेट बंद करून बघितलं. उघडलं. नऊही फोटो उघडले, सगळे डोळे जागच्या जागी.

रविवारी वहिनी येतील, तेव्हा हे त्याला फ्रेमांकडे नेतील आणि मी त्यांना एकटीला विचारेन, असं आम्ही ठरवलं. शनिवारीच उठून त्यांच्या घरी का गेले नाही, हे मी अजून स्वतःला विचारते. उत्तर माहीत आहे. मी घाबरले होते.

रविवारी तो एकटाच आला. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला.

"ती माहेरी गेलीय," म्हणाला. "अचानक ठरलं. या वर्षी राहू दे. तुम्ही एखादा जुनाच मोठा करून द्या. फक्त तिचा चेहरा. भिंतीवर लावीन म्हणतो."

"केवढा मोठा?"

त्याने दोन्ही हात पसरून माप दाखवलं. उजव्या हाताच्या पाठीवर तीन ताजे ओरखडे होते. माझी नजर डागावर जातेच, धंदाच तो. त्याला ते कळलं आणि हात खिशात गेला.

"बसा," मी म्हटलं. "मोठा कागद संपलाय, समोरून घेऊन येते. तोवर हे फ्रेमा दाखवतील."

लॅपटॉप पिशवीत घातला. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, वरची सगळ्यात मोठी फ्रेम उतरवली आणि लाकडाच्या जाती सांगायला सुरुवात केली. या माणसाची बडबड आयुष्यभर माझ्या डोक्याला ताप होती. त्या दिवशी मी देवाला म्हटलं, यांना अजून तासभर बोलायला सुचू दे.

पोलीस ठाण्यातले साहेब पेपर वाचत होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, नऊ फोटो दाखवले. त्यांनी पेपर नीट खालीही ठेवला नाही.

"हल्ली फोटोत काय वाट्टेल ते करता येतं, बाई. हे डाग तुम्ही घातले नाहीत कशावरून?"

"मी घातले नाहीत, साहेब. मी पुसले." पहिल्या फोटोतला डोळा उघडला, मनगट स्वच्छ झालं. मिटला, डाग आला. "ही तारीख. ही वेळ. हे माझं नाव. नऊ वर्षं मीच पुसत आलेय. लिहून घ्या."

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "पुढचा दाखवा."

मी दाखवला. मग त्याच्या पुढचा. नवव्या फोटोपाशी ते पुढे वाकले आणि कानाखालचं बराच वेळ बघत राहिले.

"या बाई आत्ता कुठे आहेत?"

"तो म्हणतो, माहेरी."

"मग?"

"तिला माहेर नाही, साहेब. कुणीच उरलेलं नाही."

ते उठले. टेबलावरची टोपी उचलली, आतल्या खोलीत दोघा शिपायांना हाक मारली आणि माझ्याकडे वळले.

"नवरा कुठे आहे?"

"माझ्या दुकानात," मी म्हटलं. "तिच्या फोटोला फ्रेम निवडतोय."