दुसऱ्या बाटलीचे पैसे

मी पत्र्याचा डबा बोलतोय. लांज्याच्या एसटी स्टँडासमोर गुरुप्रसादचं कोल्ड्रिंकचं दुकान आहे, तिथे वेफर्सच्या माळांखाली बसलेला असतो. माझ्याकडे कोणी बघत नाही. मी मात्र दिवसभर तुमचीच तोंडं बघतो, आणि खरं सांगू, बघण्यासारखं काही नाही.

माझा जन्म काजूसाठी झाला. फॅक्टरीतून गर गेले, मी मागे राहिलो. तिथे काजू सोलणाऱ्या हौसाने मला घरी नेलं. सहा वर्षं मी तिचे तांदूळ सांभाळले, एकदा किडा लागू दिला नाही.

मग हौसाच्या शेजारी बसून काजू सोलणारी राजश्री आजारी पडली. दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी रत्नागिरीला जायचं, मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. नाही गेली तर मरायचं. उपचार फुकट आहेत, रिक्षा फुकट नाही. येताना तिला चक्कर येते, एसटीत बसवत नाही. नवरा मुंबईला वॉचमन. तो पाठवतो त्यात दोन पोरं जेवतात, एवढंच.

हौसाने तांदूळ टोपात ओतले, छिन्नीने माझ्या झाकणाला फट पाडली, पोटावर 'राजश्रीच्या रिक्षासाठी' असं लिहून घेतलं आणि मला इथे आणून ठेवलं. नियम तिचा एकच. स्वतःची एखादी चैन सोडायची, तिचे वाचलेले पैसे टाकायचे, आणि काय सोडलं ते तोंडाने सांगायचं. पहिली नोट तिची. "आज मिश्री सोडली," म्हणाली. तंबाखूने दात घासायची पंचवीस वर्षांची सवय होती. आठवडाभर तिचं डोकं ठणकत होतं, पण नोट रोज पडली.

आणि तुम्ही? मुंबईहून आलेला हर्षद बाटली प्यायला, थंड कमी वाटली म्हणून अर्धी ओतून दुसरी मागितली. हौसा तिथेच होती. "दुसरी राहू दे रे बाबू, तेवढे डब्यात टाक."

"इच्छा खूप आहे गो काकी, पण सध्या जरा टाइट आहे."

टाइट म्हणे. वर वेफर्सची तीन पाकिटं घेऊन गेला. आत हवाच जास्त. हवेला पैसे आहेत, राजश्रीला नाहीत. एका बाईने तर चॉकलेटचा कागद माझ्या फटीत कोंबला. कचऱ्याचा डबा वाटलो म्हणे. भोक दिसलं, वाचायला नको.

महिनाभराने गुरुप्रसाद म्हणाला, "काकी, माणसाला नाय देत कोण. देवाला देतात. मी गणपती चिकटवतो याच्यावर."

हौसाने त्याला अडवलं नाही. तीच तिची चूक.

कॅलेंडरातला गणपती माझ्या पोटावर चिकटला आणि तुमची गंमत सुरू झाली. कालपर्यंत माझ्यावर कोपर टेकून मोबाइल बघणारे चपला काढून माझ्या पाया पडायला लागले. कोणी जास्वंद ठेवली. नोटा एवढ्या पडल्या की फटीतून वर यायला लागल्या. काय सोडलं, कोणी सांगितलं नाही. सोडलं काहीच नव्हतं. पास व्हायचं होतं, लग्न जमायचं होतं.

गुरुवारी देवळाच्या कमिटीचा काशीराम पिशवी घेऊन आला. दुकानाच्या गाळ्याचा मालकही तोच. "गणपतीच्या नावाने जमलेला पैसा माणसावर घालवायचा? देवळाला कमान होतेय, तिकडे लागेल." मला उलटा केला, झटकला, निघून गेला. गुरुप्रसाद बाटल्या पुसत राहिला.

शुक्रवारी राजश्री गेली नाही. रविवारी तिचे पाय सुजले, आडवं झालं की श्वास पुरेना. मंगळवारची रिक्षा हौसाने कानातल्या कुड्या गहाण ठेवून केली. तिला रत्नागिरीहून घरी सोडून हौसा इथे आली, हात जोडले, ओल्या फडक्याने गणपतीचं चित्र अलगद सोडवलं आणि घरच्या देव्हाऱ्यात नेलं. माझ्या पोटावर राजश्रीचा फोटो लावला.

काशीराम तावातावाने आला. "देव काढलास?"

"घरी नेला. इथे भीक मागायला बसवला होता, माझीच मला लाज वाटली. आणि तुझ्या कमानीखालून राजश्रीची तिरडी न्यायची असेल तर आधी सांग, रुंद बांध."

पैसे त्याने दिले नाहीत. कमान उभी राहतेय.

मी आता कोपऱ्यांत गंजलोय. लोक पुन्हा कोपर टेकतात. पण बाजूच्या शाळेतल्या मनस्वी बाई शनिवारी आल्या, "आज वडापाव सोडला," असं हळूच म्हणाल्या. एसटीच्या एका कंडक्टरने गुटखा सोडला. दोन दिवसांनी पुन्हा धरला, पण दोन दिवसांचे टाकले. तेवढं तरी तुमच्याहून बरं.

आज शुक्रवार आहे. सदूची रिक्षा रस्त्यापलीकडे, स्टँडाच्या गेटाशी उभी आहे. तो मजुरी घेत नाही, पण पंपवाला काही त्याचा मामा नाही. मागच्या सीटवर राजश्री तोंडावर पदर घेऊन बसलीय. पेट्रोलला थोडेच कमी पडतायत, एका बाटलीपुरते.

तुझी एक पिऊन झालीय. दुसरी हातात आहे, बूच अजून उघडलेलं नाही. ठेव ती खाली. पैसे टाक आणि काय सोडलंस ते जरा मोठ्याने सांग. रिक्षा लांब आहे, राजश्रीला ऐकू गेलं पाहिजे.