परत न येणाऱ्या विदुला

सकाळी सव्वानऊला विदुला केळकरच्या आठ विदुला झाल्या. मूळची खुर्चीतच राहिली. तिला नवल वाटलं नाही. संगणकाची भाषा तिनंच घडवलेली, नियमही तिचेच. मोठं काम आलं की त्याचे तुकडे करायचे आणि सगळे तुकडे एकाच वेळी करायला घ्यायचे. सहा वर्षं ती संगणकाला हेच शिकवत होती. आज संगणकाऐवजी घरानं ऐकलं, इतकंच.

आठ जणी ओट्यापाशी केस बांधत उभ्या होत्या. विदुलानं नियम ऐकवले. "आपापलं काम करायचं, बाहेरच्या कशालाही हात लावायचा नाही, उत्तर घेऊन परत यायचं. कुणी परत आली नाही, तर तेच काम दुसरीला मिळेल. हातच लावलेला नसतो, त्यामुळे दोनदा केलं तरी बिघडत नाही."

"आणि तू?" पहिलीनं विचारलं.

"सगळी उत्तरं आल्याशिवाय मला उठता येत नाही."

दुपारी कंपनीत भाषा चालवून दाखवायची होती. सात जणींना त्याची कामं होती. आठवीला इस्पितळात जायचं होतं. विदुलाच्या वडिलांचं, अप्पांचं, अकराला हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यांना बघून यायचं आणि डॉक्टर काय म्हणतात ते सांगायचं, एवढंच. आठवी चपला घालून गेली.

दहाच्या आत पहिली परतली, तिनं उत्तराचा कागद टेबलावर ठेवला. आठवीचा पत्ता नव्हता. नियमाप्रमाणे पहिली पुन्हा चपला घालू लागली.

"हात लावू नकोस," विदुला म्हणाली.

"माहीत आहे," पहिली म्हणाली आणि गेली, ती गेलीच.

मग दुसरी. मग तिसरी. जी कागद ठेवायला येई ती तशीच इस्पितळात जाई, आणि प्रत्येकीमागे खुर्ची बोटभर टेबलाकडे सरके. विदुलाचे पाय खाली सारखे हलत होते, थांबवून थांबेनात. पावणेअकराला सातही कागद समोर होते, एकही चूक नव्हती, आणि तिनं एकाकडेही पाहिलं नाही. टेबलाची कड पोटाला लागली होती. तिला भीती वाटत होती, लहानपणी वाटायची तशी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे?

फोन वाजला. अप्पा होते.

"विदू, किती जणींना पाठवलंस गं?"

"का? काय झालं?"

"पहिल्यांदा जी आली तिनं माझा हात धरला, तो सोडेच ना. मग दुसरी आली, ती पाय चेपत बसली. आता आठ जणी झाल्यात. सिस्टर ओरडतेय. पोरी गुणी आहेत. पण मला आत न्यायला आलेत आता. तू कधी येतेस?"

"अप्पा, त्या मीच आहे."

"मला कळत नाही होय गं?"

विदुलानं टेबलावर दोन्ही हात टेकले आणि सगळा जोर लावला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. नववीच्या चपला वाजल्या, दार लागलं, जिन्यावरून पावलं धावत उतरली. टेबलाची कड खुर्चीतच राहिलेल्या विदुलाच्या पोटात आणखी बोटभर रुतली.