द्वारकीच्या नावाचं आवतान

औषधाची मुळी काढायची म्हंजी उठलं आन् गेलं, आसं नसतंय. आदल्या सांजला तिला आवतान द्यावं लागतं, लग्नाचं पाव्हण्याला देतो तसंच. बुडाशी हळदकुंकू वाह्यचं, अक्षता टाकायच्या आन् म्हणायचं, "बाई, उद्या सकाळी तुला न्यायला येते. अमकीसाठी चल." नाव घ्यायचंच. सकाळी ऊन पडायच्या आत जायचं, आपली सावली तिच्यावर पडू द्यायची न्हाय, लोखंड लावायचं न्हाय, मेंढ्याच्या शिंगानं उकरायचं. येताना मागं वळून बघायचं न्हाय. आन् जिचं नाव घेतलं, तिलाच मुळी द्यायची.

हे मला आक्काबाईनं शिकवलं. ती माझी चुलत सासू, मी तिला आत्याबाई म्हणायची. आमच्या पळसदेवात काय, पार इंदापुरातनं लोकं कावीळ उतरवायला तिच्या दारात येत्यात. लग्न होऊन मी ह्या गावात आले तवा माझा नवरा रावजी उसाच्या हंगामाला ट्रॅक्टर घेऊन सोमेश्वरनगरला कारखान्यावर जायचा. घरात माशा मारत बसण्यापरीस मी म्हातारीच्या मागं लागले, मला शिकवा म्हणून.

"तुझी जीभ लई तिखट हाय, बानू," ती म्हणाली.

"औषध काय जिभेनं देत्यात व्हय?" मी म्हणाले.

हसली न्हाय. पण दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पाटी दिली आन् रानात घेऊन गेली. पदरानं माझं डोळं बांधायची, नाकाखाली पाला धरायची आन् इचारायची, ह्यो कुठला? भुईआवळी, रिंगणी, गुळवेल, घेटुळी. चुकलं की पाठीत धपाटा. मीबी काय कमी न्हाय, तोंडाला तोंड द्यायची. पण शिकले. लोकं म्हणायला लागली, आक्काबाईचा हात बानूला लागला. मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तिचं एकच काम मला उमगायचं न्हाय. रोज सांजला दारातल्या दगडापाशी पाण्यानं भरून तांब्या ठेवायचा. पाव्हण्याला पाय धुवायला ठेवत्यात तसा. सकाळी तांब्या रिकामा आन् दगड चिखलानं भरल्याला. तोबी आमच्या रानातला चिखल न्हाय. धरणातला काळा गाळ, माशाच्या वासाचा. पाणी तर आमच्या घरापास्नं केवढं लांब!

"कुत्रं येत आसंल," मी म्हणाले.

"कुत्रं तांब्या उचलून पाय धुतं व्हय गं?" म्हातारी म्हणाली. "तांब्या घास. पुन्हा सांजला ठेवायचाय."

मग एक दिवस तिनं आपणहून सांगितलं. जुनं गाव धरणाच्या पाण्यात जायच्या वक्ताला तिची पोरगी द्वारकी काविळीनं पडली हुती. देवळाच्या मागं एका जागी ती मोठी मुळी असायची, दुसरीकडं कुठंच न्हाय. आक्काबाईनं सांजला द्वारकीच्या नावानं आवतान दिलं. सकाळ व्हायच्या आत पाणी चढलं म्हणून हाकाटी झाली, ट्रक आलं, भांडीकुंडी, शेळ्या, माणसं सगळी कोंबली. म्हातारीला देवळाकडं जाऊ कोण देतंय? द्वारकी नव्या गावाच्या वाटंतच गेली, आयच्या मांडीवर.

"आवतान दिलं आन् न्यायला गेले न्हाय," आक्काबाई म्हणाली. "मग ती मुळी सोताच येती रोज, द्वारकीला इचारत. तिला काय ठाऊक, पोरगी गेली म्हणून?"

त्या दिवसापास्नं तांब्या ठिवला की मी पळतच घरी यायची.

आता छकुलीचं सांगते. छकुली माझी एकुलती एक लेक. पाच नवसांची, वटवट करणारी, माझ्यावर गेल्याली. मनगटावर चुलीवरच्या तापल्या पळीचा डाग. ज्या उन्हाळ्यात पाणी पार तळाला गेलं आन् जुनं देऊळ जोत्यापतोर उघडं पडलं, त्याच उन्हाळ्यात तिचं डोळं पिवळं झालं. भुईआवळी दिली, काय उपेग न्हाय. रावजीनं तिला बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस. सलाईन लावलं, सुया दिल्या, आन् शेवटी मान खाली घालून म्हणाला, "आता हिच्या अंगात किती जोर हाय, त्यावर." पोरगी घरी आणली तवा ती मला वळखतबी नव्हती, नुसती कण्हत हुती.

मी आक्काबाईच्या दारात गेले. "आत्याबाई, देऊळ उघडं पडलंय. ती मोठी मुळी आसंल का?"

"आसंल."

"मग मी आजच आवतान देते, छकुलीच्या नावानं."

"तिला आवतान दिल्यालं हाय," म्हातारी म्हणाली. "द्वारकीचं. दुसऱ्या नावानं ती हलायची न्हाय."

मला तर तळपायाची आग मस्तकाला गेली. पोरगी मरायला टेकली आन् हिचं आपलं नियम! "मग द्वारकीच्या नावानं हलंल का?" मी ओरडले. "नावात काय ठिवलंय? मुळी ती मुळी, पोरगी ती पोरगी!"

 आक्काबाई उठली, आढ्यातनं मेंढ्याचं शिंग काढलं आन् माझ्या हातात दिलं.

"हलंल," ती म्हणाली.

झुंजुमुंजू व्हायला मी जुन्या गावात शिरले. भेगाळल्याली जमीन, घरांची जोती, उंबरं, कुणाचं तरी जातं. पाखरूबी न्हाय. देवळाच्या मागं सगळा गाळ वाळून कडक झाल्याला, आन् मधीच ती. हिरवीगार, पानापानावर पाणी. इतकी वर्सं धरणाच्या बुडाशी राहून! मी गुडघ्यावर बसले, सावली बाजूला ठिवली आन् म्हणाले, "बाई, न्यायला आले. द्वारकीसाठी चल."

शिंग टेकवलं न्हाय तवर ती हातात आली. गाठोडं बांधून वाट बघत बसल्याल्या बाईसारखी.

येताना माझ्या मागं पावलं वाजत हुती. वल्ली, बारकी पावलं, वाळल्या जमिनीवर. मी मागं बघितलं न्हाय. आक्काबाईनं शिकवलंच तसं.

मुळी ताकात उगाळून छकुलीला पाजली. दुपारनं तिला घाम फुटला. सांजला ताप गेला. दोन-चार दिसांत डोळं पांढरं झालं. मी देवाफुडं नारळ फोडला, रडले, नाचले. मग ती उठून बसली आन् घरभर नजर फिरवली.

"माझी आय कुठं हाय?"

"हितंच हाय की गं, माझी बाय!"

तिनं माझ्याकडं बघितलं. एस्टी स्टँडवर अनोळखी बाईकडं बघत्यात तसं. "तुमी न्हाय," ती म्हणाली.

तवाच आक्काबाई दारात आली. माझी पोरगी, जिला चालायचा जोर नव्हता, ती उठली, धावली आन् म्हातारीच्या गळ्यात पडली. "आये, ट्रकात मला लई थंडी वाजली गं!" आक्काबाई खाली बसली. रडत हुती आन् हसत हुती. मला सगळं कळलं. कळून काय करू?

रावजी म्हणतो, तापानं डोकं फिरलंय, येईल ठिकाणावर, जगली हे काय कमी हाय? डॉक्टरबी खूश. पण ही पोरगी घरातल्या टीव्हीला भिऊन खाटंखाली बसती, जुन्या गावातल्या मेल्याल्या म्हाताऱ्यांची नावं घेती. मला वैनी म्हणती. द्वारकी आसती तर मी तिची वैनीच लागले आसते. झोपायला आक्काबाईकडंच जाती. मनगटावरचा डाग मातूर छकुलीचाच हाय.

आक्काबाईच्या दारात आता तांब्या नसतो. दगड कोरडाठाक. चिखल आता माझ्या दारात येतो. काळा गाळ, आन् त्यात बारकी बारकी पावलं. पहिल्यांदा दिसली तवा मी दगडावर बसून हंबरडा फोडला. मग उठून तांब्या भरला. आता रोज ठिवते. पहाटं तांब्या वाजतो. मी दाराच्या आतनं हाक मारते, "छकुले?" वटवट करणारी माझी पोरगी, पण एक शब्द बोलत न्हाय. पाणी वतल्याचा आवाज तेवढा येतो.

वर्सं गेली. औंदा धरण पुन्हा उतरायला लागलंय. काल देवळाचा कळस दिसला. मागं ती मुळी पुन्हा फुटली आसंल. काल सांजलाच मी पाण्याच्या कडंला जाऊन हळदकुंकू वाह्यलं आन् आवतान दिलं. नाव घेतलं छकुलीचं. पाणी सरलं की न्यायला येते, म्हणाले.

आक्काबाईला कसं कळलं, देव जाणं. म्हातारी माझ्या पायाशी आली. "बानू, नको गं. मी लई वर्सं वाट बघितली."

"तुमाला ठाऊक हुतं, आत्याबाई," मी म्हणाले. "शिंग देताना ठाऊक हुतं."

"व्हय," ती म्हणाली. "माझ्या जागी तू आसतीस तर तूबी दिलं आसतंस."

मीबी दिलंच आसतं.

आज सांजला ती पोरगी माझ्या दारात आली. दगडावर बसली. मी तांब्या भरत हुते. तिनं माझा पदर धरला.

"वैनी," ती म्हणाली, "पाणी लई खाली गेलं का गं?"

तिचा हात गार पडला हुता. मी तो दोन्ही हातांत धरून चोळला, डागावरनं अंगठा फिरवला.

"न्हाय गं बाई," मी म्हणाले, "अजून लई हाय." शिंग माझ्या कंबरंलाच खोचल्यालं हुतं.