मागच्या सीटचं वजन

"ताई, बूड!"

स्पीडब्रेकर आला की दाब्या असा ओरडायचा, आणि मागे बसलेली त्याची थोरली बहीण पाय रोवून बूड उचलायची. रस्त्यावरची माणसं वळून बघायची. बघू देत. ताई होतीच तशी दांडगी. ती बसलेली असताना गाडी खड्ड्यात गेली की शॉकअप थेट तळाला जाऊन खट् वाजायचं, म्हणून दोघांनी ही पद्धत काढली होती. त्याला आता कैक वर्षं झाली.

त्या सकाळी ताईनं बूड उचललं, पुन्हा टेकवलं, आणि गाडीनं तिला टुणकन वर फेकलं.

"अरे मेल्या, गाडीवर नेतोयस का झोपाळ्यावर?"

"रस्ताच बेकार झालाय, ताई."

असं म्हणाला खरा, पण मागं वळून त्यानं तो स्पीडब्रेकर पुन्हा बघितला. रस्ता कालचाच होता.

दाब्या मोटरसायकली दुरुस्त करायचा. गाडी दारात आली की आधी सीटवर दोन्ही तळवे ठेवून दाबायचा, मगच तोंड उघडायचा, म्हणून हे नाव पडलेलं. गिऱ्हाइकाला वजन कधी विचारायचा नाही. "वजन विचारलं की माणूस पोट आत घेतो," म्हणायचा. दूधवाल्याला कॅन लावून बसवायचा, नवऱ्याला बायकोसकट बसवायचा, आणि मागचं चाक नि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घालून बघायचा. चार बोटं मावली की बास. कमी मावली तर स्प्रिंगखालची कडी वाकड्या पान्यानं फिरवून एक खाच घट्ट करायची, जास्त मावली तर एक खाच सैल. जड माणसाखाली सैल स्प्रिंग बसते, आणि हलक्या माणसाला घट्ट स्प्रिंग उडवते. एवढीच त्याची विद्या. ताईसाठी त्याच्या स्वतःच्या गाडीची कडी पार शेवटच्या खाचेवर असायची. "माझ्यापुढं तुझ्या स्प्रिंगा संपल्या रे," असं ताईच सगळ्यांना हसत सांगायची.

दुसऱ्या कुणाची गाडी अशी उडवायला लागली असती, तर दाब्यानं एका दमात कारण सांगितलं असतं. स्वतःच्या गाडीचं खापर मात्र त्यानं शॉकअपवर फोडलं.

"दांडी अडकतीय," तो शेजारच्या वेल्डरला म्हणाला. "तेल घट्ट झालंय आतलं."

"अडकतीय कसली? काल मी बसलो की मागे. लोण्यासारखी चालली."

"तू बैल आहेस."

"मग ताई काय चिमणी आहे?"

हातातलं फडकं दाब्यानं उगाचच पिळलं. वेल्डरला आपण काय बोललो ते कळलं नाही, तो परत चष्मा लावून ठिणग्या उडवायला बसला.

दाब्यानं दोन्ही शॉकअप काढून टाकले आणि नवे कोरे बसवले, कडी पुन्हा शेवटच्याच खाचेवर. दुसऱ्या दिवशी गाडीनं ताईला तसंच वर फेकलं.

त्यांची आई अशीच वाळत वाळत गेली होती. तेव्हा दाब्या एवढासा होता. आईला रोज न्हाऊ घालायचं ते ताई घालायची, आणि हा दाराबाहेर कानात बोटं घालून बसायचा. पुढं ताईचं लग्न राहून गेलं, आणि ताईच्या मागं याचंही राहिलं. घर कसलं, दोन खोल्या, दोन खाटा. घरात धीर द्यायचं काम तिचं, आणि भ्यायचं काम याचं. विजा कडाडल्या तरी अजून हा उठून दिवा लावायचा.

रात्री जेवताना त्यानं तिच्या ताटाकडे चोरून बघितलं.

"ताई, तू बारीक झालीस का गं?"

"तुझ्या तोंडात साखर पडो! आजवर कुणी म्हणालं नव्हतं." ती हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघता बघता तिचं हसू थांबलं. "जेव गुमान. डोळे तपासून घे एकदा."

आणि दुसऱ्या दिवशी गाडी सरळ चालली! ताई मागं बसली तशी स्प्रिंग पहिल्यासारखी दबली. स्पीडब्रेकरवर ना फेकलं, ना खट् वाजलं. दाब्याला आरडाओरडा करावासा वाटला. दिवसभर तो शीळ घालत होता.

"नवं शॉकअप बसायला वेळ घेतं रे," त्यानं वेल्डरला ऐकवलं.

आठवडाभर तो ढाराढूर झोपला.

ताई दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिला सोडायचं ते मागच्या गेटला, जिथं मळक्या चादरींचे गाडे येऊन लागायचे. त्या दिवशी गेटपाशी ती उतरली, आणि उतरता उतरता तिनं सीट धरली. डोळे मिटून घेतले. एक मळका गाडा करकरत शेजारून गेला.

"काय झालं?"

"काही नाही. ऊन लागलं."

ऊन कुठलं, सकाळची वेळ. "आण ती पिशवी," म्हणून त्यानं तिच्या खांद्यावरून पिशवी ओढली, तर त्याचा हात खाली गेला.

"ताई, दगड भरलेत का काय?"

"ठेव ती. आण इकडं."

पण तोवर त्यानं उघडली होती. आत टॉवेलात गुंडाळलेल्या इस्त्र्या होत्या. जुन्या, भरीव लोखंडाच्या, वायरी तुटलेल्या. धुलाईखान्यातल्या भंगारात पडलेल्या असायच्या त्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. एक उचलून तळहातावर तोलून बघितली.

"तू गाडीला फसवत होतीस?"

"गाडीला कशाला फसवू? तुला." ताई तिथल्या कट्ट्यावर टेकली. उतरल्यापासून तिला धाप लागलेली होती. "त्या रात्री विचारलंस ना, तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. आईच्या वेळी असंच तोंड झालं होतं तुझं. म्हटलं, याची ती चार बोटं मावली की झोपेल तरी बिचारा."

"मी शॉकअप बदलले, ताई."

"ते बदललेस तेव्हाच मला कळलं, की तुलाही कळलंय."

दाब्यानं पिशवी कट्ट्यावर तिच्याशेजारी ठेवली. मग दाब्या म्हणाला, "इथंच तर आहेत सगळे डॉक्टर. नुसतं वर जायचंय."

"नको."

"अगं पण..."

"नको म्हटलं ना!" ती एकदम ओरडली, आणि मग आवाज उतरला. "मी त्या चादरी धुते रे. कुठली कुठल्या खाटेवरनं आली, ते हाताला कळतं मला. मला नाही त्यांच्यावर झोपायचं. मला भीती वाटते."

उभ्या आयुष्यात ताईच्या तोंडून हा शब्द त्यानं ऐकला नव्हता. त्याला पळून जावंसं वाटलं. दाराबाहेर बसून कानात बोटं घालावीशी वाटली. पण इथं दार नव्हतं, आणि बोटांना दुसरं काम होतं.

त्यानं डिकीतून वाकडा पाना काढला आणि चाकापाशी उकिडवा बसला. कडी सैल करायला लागला. टक्. टक्. पाना सारखा सटकायचा. एकदा स्प्रिंगच्या चिमट्यात बोट सापडलं. ताई कट्ट्यावरून बघत होती. दर टक् ऐकून ती मान खाली घालत होती.

"बस आता," तो म्हणाला. "पिशवी राहू दे तिथंच."

"माझं वजन करतोस?"

"गाडी नीट करतोय. बस."

ती बसली. त्यानं बोटं घालून बघितली. पाचवंही सहज गेलं असतं. त्यानं तिला उतरवलं, आणखी सैल केलं, परत बसवलं. कडी शेवटी पार पहिल्या खाचेवर आली, जिथं तो कॉलेजातल्या काडीपैलवानांच्या गाड्या लावायचा. तेव्हा कुठं चार बोटं मावली. तो उठला नाही. तसाच चाकाकडे तोंड करून म्हणाला,

"मला पण भीती वाटते, ताई. पण मला रोजच वाटते, मला सवय आहे. चल. पुढच्या गेटनं जाऊ."

तिनं वरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नेहमी गाडीवर ठेवायची तसा. इस्त्र्यांची पिशवी त्यांनी कट्ट्यावरच सोडली. दवाखान्याला वळसा घालून गाडी पुढच्या बाजूला निघाली.

"आता कशी चालतीय?" त्यानं विचारलं.

"बरी चालतीय. लय दिवसांनी बरी चालतीय."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढायला लावले, सुया टोचल्या. त्या चांगल्या होत्या, पण बोलताना टेबलाकडे बघायच्या. "पोट उघडून बघावं लागेल," म्हणाल्या. "आधी यायला हवं होतं. आता काय ते आत बघितल्यावरच सांगता येईल."

ऑपरेशनच्या सकाळी ताईला चाकांच्या खाटेवर घेतलं. गळ्यापर्यंत पांढरी चादर. ती चादरीचा काठ चिमटीत धरून चाचपत होती.

"आमच्याकडचीच आहे," ती पुटपुटली. "नीट पिळलेली दिसतीय."

दाब्यानं सवयीनं गादीवर दोन्ही तळवे ठेवून दाबलं. "याला स्प्रिंगच नाही," तो खाट ढकलणाऱ्या माणसाला म्हणाला. "हळू न्या, मामा."

"हळूच नेतोय की."

खाट निघाली. चाकं फरशीवर खडखडत होती. दाब्या खाटेची कड धरून शेजारून चालत होता. ताईनं डोळे गच्च मिटलेले. ओठ पांढरे पडले होते. पुढं मोठं दार आलं. "इथून पुढं यायचं नाही," मामा म्हणाला. दाराच्या उंबऱ्यावर लोखंडाची जाड पट्टी होती. दाब्याची नजर तिच्यावर गेली.

"ताई, बूड!"

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. कुणाच्या तरी हातातून पेला पडला.

खाटेवर पांढरी चादर चार बोटं वर उचलली गेली. चाकं पट्टीवरून खडाखडा पलीकडे गेली, आणि चादर हलकेच पुन्हा खाली टेकली.