मास्तरांचा सायनस

मास्तरांनी उभं आयुष्य लोकांच्या छातीची मापं घेण्यात घालवलं, पण छातीच्या आत काय चालतं याची उठाठेव कधी केली नाही. शिंपी माणूस, त्याचं काम सगळं बाहेरून. पण ती वेळही आली, आणि आली ती बायकोच्या छातीवरून.

महिनाभर तिला मधूनच धडधडायचं. पण बाई पक्की! काजं करता करता हात छातीवर जायचा, आणि मास्तरांनी पाहिलं की लगेच टाचणी शोधायचं नाटक. परवा जिन्यातच मटकन खाली बसली तेव्हा कुठे चोरी पकडली गेली. आज मास्तर तिला दवाखान्यात घेऊन आले होते. घेऊन कसले, ओढूनच. सकाळी छातीची सोनोग्राफी झाली, आता ईसीजी.

पडद्यापलीकडे ती आडवी झाली. ईसीजी काढणाऱ्या मुलीने हातापायांना चिमटे लावले, छातीवर सहा चकत्या चिकटवल्या.

"अगं बाई, गार आहे की!"

"आता अगदी स्तब्ध राहा हं काकू. हललात की रेघ थरथरते."

पडद्याच्या अलीकडे मास्तरही श्वास रोखून बसले, जसा काही ईसीजी त्यांचाच होता. आणि नेमकं मशीन सुरू झालं नि त्यांना शिंक आली. साधीसुधी नव्हे, गल्लीतली कुत्री उठतील अशी. लग्नाआधीपासूनचा सायनस त्यांचा, त्याला कुठली वेळ नि कुठला काळ!

"काका!" मुलगी ओरडली. मग कागद फाडल्याचा आवाज आला. "डॉक्टर येतीलच इतक्यात. हा धरा, आणि बाहेर बसा. काकू येतायत."

मास्तरांनी बाकावर बसून चष्मा चढवला. गुलाबी चौकटींचा कागद, त्यावर टोकं काढत गेलेली रेघ. वर इंग्रजीत काहीबाही छापलेलं. पहिलाच शब्द त्यांच्या ओळखीचा निघाला: सायनस. पुढचे लांबलचक शब्द डोक्यावरून गेले, पण ते वाचायची गरजच काय होती? काळजाचा ठोका चुकला त्यांचा. नाकातला सायनस हिच्या हृदयात उतरला! बत्तीस वर्षं शेजारच्या उशीवर शिंकतोय आपण. दुसरं काय होणार?

गळ्यात टेप होतीच. त्यांनी ती कागदावर लावली. टोकापासून टोकापर्यंत चार मोठे चौकोन. पुढेही चार. पुन्हा चार. मशीनवर घातलेल्या शिवणीसारखं एकसारखं काम. आणि मग एक टोक भलतंच लवकर, रुंद, वेडंवाकडं. त्याच्यामागे मोठी मोकळी जागा. एवढ्या सुरेख शिवणीत एक टाका फसलेला.

बायको बाहेर आली. त्यांनी कागद पाठीमागे धरला.

"काय लिहिलंय?"

"कुठे काय!"

"मग तोंड का उतरलंय तुमचं?"

मास्तरांना खोटं कधी धड जमलंच नाही. "माझा सायनस लागला गं तुला," ते म्हणाले, आणि मग त्यांना थांबताच येईना. "लोक म्हणतात, मास्तरांच्या हाताला काय फिटिंग आहे! मी आपला मान डोलावतो. हात तुझा आहे. मी कात्री चालवतो आणि तू निस्तरतेस. कधी बोललो नाही मी. तू नसलीस तर मला साधी बाही लावता यायची नाही. बाहीचं मरू दे, मला घरात पाऊल टाकवायचं नाही."

"हे ऐकायला मला मरावं लागणार होतं होय?" ती म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या आणि दोघांना आत बोलावलं. मास्तरांनी उभ्याउभ्याच गुन्हा कबूल केला. बाईंनी हसू गिळलं.

"अहो, हृदयातही सायनस नावाची एक जागा असते. ठोका तिथून सुटतो. सायनस ऱ्हिदम म्हणजे ठोके निघायला हवेत तिथूनच निघतायत. ही तर चांगली गोष्ट आहे. नाकाचा काही संबंध नाही."

"आणि हा?" मास्तरांनी त्या वेड्यावाकड्या टोकावर बोट टेकवलं.

"बरोबर सापडला की तुम्हाला! हा जास्तीचा ठोका."

"म्हणजे ठोका चुकला?"

"चुकत नाही तो. वेळेआधी येतो, मग हृदय जरा थांबतं, म्हणून चुकल्यासारखा वाटतो. असे मधूनमधून कित्येकांना येतात. सोनोग्राफी बघितली मी, हृदय ठणठणीत आहे. चहा कमी करा, वेळेवर झोपा. चक्कर आली तर मात्र लपवायचं नाही, सरळ इकडे यायचं."

मास्तरांच्या जिवात जीव आला. बायको म्हणाली, "वेळेआधी जायचं आणि मग खोळंबून बसायचं! अगदी यांच्यासारखा आहे ठोका."

बाईंनी कागद उलटला. "इथे त्या ठोक्याच्या मागे पेनाने 'शिंक' असं काय लिहिलंय?"

दारातून ती मुलगी म्हणाली, "काका शिंकले ना, तेव्हा काकू दचकल्या. तेवढ्यातच आला तो ठोका. म्हणून खूण करून ठेवली."

मास्तर तीनताड उडाले. "म्हणजे पोचलाच की माझा सायनस हिच्या हृदयात!"

"तो बत्तीस वर्षांपूर्वीच पोचलाय," बायको म्हणाली. "मशीनला आज कळलं."

परतताना मास्तरांनी तिला रस्त्याच्या आतल्या बाजूने घेतलं. कोपऱ्यावर गाड्या जाईपर्यंत थांबावं लागलं, तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं आणि ओठांतल्या ओठांत आकडे सुरू केले. अकरापर्यंत पोचले असतील.

"मोजू नका," ती म्हणाली. "नुसता हात धरा."