सिनेमातली वेडी म्हातारी

मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बू, म्हणजे बाई, वेनिंगवर मुख्याध्यापकांनी एक काम सोपवलं. आठवीच्या मुलांना शनिवारी एक सिनेमा बघायचा होता. त्यात चंद्राचा तुकडा पृथ्वीवर कोसळतो, जमीन फाटते आणि शहरंच्या शहरं गडप होतात.

"तेरा वर्षांपुढच्यांसाठी असं छापलंय," मुख्याध्यापक म्हणाले. "पण छापणाऱ्याच्या परसात ज्वालामुखी नाही. तुम्ही आधी बघा आणि ठरवा."

वेनिंग दूरच्या सेमारांग शहरातली. या गावात येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. इथली पोरं कशाला भितात, याचं तिलाच मोठं कुतूहल होतं. म्हणून तिनं शाळेत खाणं विकणाऱ्या म्बाह, म्हणजे आजी, तुमिनीला सोबत बसवलं. म्हातारीची नात किनासी आठवीतच होती.

शाळा सुटल्यावर दोघी वाचनालयात बसल्या. तुमिनीनं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे तळलेले काप, आणले होते. पडद्यावर इमारती पत्त्यांसारख्या कोसळत होत्या आणि ही खुसुखुसु हसत होती.

"बघा तरी! एवढी राख पडतेय आणि बाईची लिपस्टिक जागच्या जागी. अहो बू, राखेत घास गिळता येत नाही!"

वेनिंग वहीत नोंदी करत होती. रक्त कमी. शिव्या दोन. माणसं किती मेली, त्याची गणतीच नाही.

मग पडद्यावर एक म्हातारी आली. गाव रिकामं होतंय आणि ही शेळीशी गप्पा मारत दारात बसलेली. डोळे फिरवत, वेड्यासारखी. नायक तिला ओढतो, ती त्याला चावते. तुमिनीनं टेंपेची पुडी बंद केली.

"हे लावू नका, बू."

"मुलं घाबरतील?"

"घाबरतायत कसली! हसतील."

वेनिंगनं सिनेमा थांबवला. तुमिनीनं हात पुसले. "माझा भाऊ पैदी. मोठ्या स्फोटाच्या वेळी आम्ही सगळे खाली छावणीत होतो. तो रोज सकाळी वर जायचा, गाईंना चारा घालायला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही. वेडा नव्हता तो. चार गाई दाव्याला होत्या, त्यांना कोण बघणार होतं?"

"किनासीला माहीत आहे?"

"तिनं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही."

वेनिंगनं वही चाळली. हसण्याची नोंद कुठंच नव्हती. "म्बाह, सिनेमा दाखवते. पण इथं थांबवते. तुम्ही याल?"

"मी काय मास्तरीण आहे?" म्हातारी फणकारली. पण शनिवारी ती मागच्या बाकावर येऊन बसली.

पेटलेले मनोरे बघून मुलांनी शिट्ट्या मारल्या. शेळीवाली म्हातारी आली तशी सगळी हसली. किनासी सगळ्यांत मोठ्यानं. वेनिंगनं सिनेमा थांबवला. तुमिनी उठली आणि पैदीची हकिकत तिनं चार वाक्यांत सांगितली.

पुढच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "गाईंचं काय झालं, म्बाह?"

"तीन गेल्या. एक दावं तोडून आपली आपणच छावणीत आली. पाठ भाजलेली. पुढं सात वर्षं दूध दिलं तिनं."

मग प्रश्नांची रीघच लागली. गाईंना ट्रकमध्ये का नाही घातलं? तिला वाट कशी कळली? आता स्फोट झाला तर आमच्या गाईंना कोण नेईल? ग्रामपंचायतीत विचारून सांगते, असं वेनिंग म्हणाली.

किनासी उठून आजीच्या बाकावर सरकली आणि तिचा हात धरून बसली.

"आता पुढचं लावा ना, बू!" मुलं ओरडली. उरलेला सिनेमाही त्यांनी तितक्याच आरडाओरड्यात बघितला.

सोमवारी मुख्याध्यापकांनी विचारलं, "मग, योग्य की अयोग्य?"

"योग्य," वेनिंग म्हणाली. "फक्त ज्याला प्रश्न विचारता येतील असं कुणीतरी शेजारी हवं."