जाळायचं शेड

आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. उदगीरच्या आसपास हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फक्त आमच्या सरपंचाला माहीत नसावं. स्वतः लिंगायत असून रविकिरणनं लिंगायतांच्या स्मशानात प्रेतं जाळायचं शेड बांधलं. निधी आला होता म्हणे. आलेला निधी परत कोण पाठवतो? उरलेल्या सिमेंटात स्मशानाला भिंतही घातली. पाणी जायला भोक ठेवायचं मात्र राहिलं.

माझी बायको जगदेवी वैशाखात गेली. त्या भिंतीच्या आतच तिला बसवली. तेव्हा सगळं कोरडं होतं. मग पावसानं झड लावली, नाल्याकडे जाणारं पाणी भिंतीनं अडवलं आणि स्मशानाचं तळं झालं. काळी माती ती, भिजली की खचते. जगदेवीवरचा ढीग रोज थोडा खाली जात होता. अजून एक मोठा पाऊस झाला असता तर तिची जागाही सापडली नसती.

जिवंतपणी तिला ओल खपायची नाही. दारात पोतं टाकायची. पाय पुसल्याशिवाय मला घरात घ्यायची नाही.

मी पहार घेऊन गेलो. भिंतीवर घाव घालतोय तोवर सरपंच आला. सोबत सदस्य, रोपं, बॅनर. पावसाळा म्हणजे यांचा झाडं लावायचा सण. लावायची, फोटो काढायचा, पुढचं शेळ्या बघतात.

चिखल टाळायला रविकिरण एका उंचवट्यावर चढला. एका सदस्यानं तिथंच खड्डा घ्यायला टिकाव उचलला.

"ईश्वरप्पा काका, काय करायलात? सरकारी भिंत हाय ती. गुन्हा दाखल होईल," रविकिरण म्हणाला.

"कर की. आधी सांग, शेडात कुणाला जाळणार हायेस?"

सदस्य हसले.

"काका, पावसाळ्यात पाणी साचणारच. वरून पडायलंय, त्याला मी काय करू?"

"खाली उतर."

"का?"

"कमलम्माच्या डोक्यावर उभा हायेस. तुझ्या आजीच्या. आन् ह्यो तिच्यात झाड लावायलाय."

आजी गेली तेव्हा यानं गावभर बॅनर लावले होते. जागा तेवढी लक्षात नव्हती.

रविकिरणनं पांढऱ्या कपड्यांसकट पाण्यात उडी मारली. पाणी एका बाजूनं आजीचा ढीग खात होतं. तो बघत राहिला.

"फोडा रे," तो सदस्यांना म्हणाला. "आजीच्या बाजूनं फोडा."

तिथंही आपलंच आधी. भिंत कुठूनही फुटली तरी मला चालणार होतं. पाणी काही सरपंच नाही, ते सगळ्यांचंच निघून जातं.

भिंत फुटली. पाणी नाल्याकडे धावलं, आणि त्यांनी लगेच फोटो काढला. संध्याकाळी तो सगळ्यांच्या मोबाईलवर आला. खाली लिहिलेलं : सरपंचांच्या पुढाकारानं स्मशानातील पाण्याचा निचरा.

मी त्यात नाही. मी मागं वाकून जगदेवीवर माती ओढत होतो.